कागद टिकतो, फाटते ते भोक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यात शाळा उघडतात आणि प्रवेशोत्सवाच्या दिवशी पहिलीच्या मुलांच्या छातीवर नावाचे बिल्ले लागतात. पद्धत चांगली आहे. चाळीस नवी मुले समोर बसलेली असताना ‘ए निळ्या रिबिनीची’ अशी हाक मारण्यापेक्षा ‘सृष्टी, इकडे ये बाळ’ म्हणता आले, तर त्या पोरीचा शाळेतला पहिला दिवस वेगळा जातो. शिवाय बहुतेक मुलांना चित्रासारखा ओळखू येणारा पहिला शब्द म्हणजे त्यांचे स्वतःचे नाव. तो शब्द रोज डोळ्यांसमोर राहिला तर अक्षरओळखीला त्याच्यासारखे साधन नाही. पण हे बिल्ले नागपंचमीपर्यंतही टिकत नाहीत. मग ‘कागदाचे काही खरे नाही’ असे म्हणून प्लॅस्टिकची छापील कार्डे मागवली जातात आणि त्यांचा खर्च पालकांवर पडतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की दोष कागदाचा नाही. बिल्ला खराब होतो तो दोनच ठिकाणी, भोकाशी आणि कडेला. दोरी ओवायला पाडलेले भोक वरच्या कडेकडे फाटत जाते आणि उघड्या कडेतून पाणी आत शिरते. ही दोन ठिकाणे सांभाळली तर कागदी बिल्ला एप्रिलच्या परीक्षेपर्यंत सहज जातो. बिल्ले करायला घेण्याआधी शिक्षकांच्या आणि लॅमिनेशन करणाऱ्या दुकानदारांच्या नजरेखालून पुढचा तपशील जावा, म्हणून हे पत्र.

आधी लॅमिनेशन, कारण निम्म्याहून अधिक चुका तिथेच होतात. सगळी नावे एका ए-फोर कार्डशीटवर छापतात, अख्खे शीट पाऊचमध्ये घालून मशीनमधून काढतात आणि मग कटरने बिल्ले वेगळे करतात. दिसायला काम झटपट होते, पण कापल्यावर प्रत्येक बिल्ल्याची कागदाची कड चारही बाजूंनी उघडी पडते. मुलाच्या हाताचा घाम, बाटलीचे पाणी, पावसाचा शिंतोडा त्या कडेतून आत ओढला जातो, कागद फुगतो आणि वरखालची फिल्म सुटायला लागते. एकदा कोपरा सुटला की मूल तो सोलल्याशिवाय राहत नाही. क्रम उलटा पाहिजे. आधी कागदाचे बिल्ले कापून घ्यायचे, ते पाऊचमध्ये सुटे मांडायचे, मशीनमधून काढायचे आणि कापताना प्रत्येकाभोवती नुसत्या फिल्मची कड ठेवायची. ही कड किमान ४ मिलिमीटर हवी. वरच्या बाजूला मात्र १२ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे भोक फिल्मवरच पडते आणि कागदाला पंच लागतच नाही.

हिशेब सांगतो. ए-फोरच्या कागदातून १० बाय ७ सेंटिमीटरचे ८ बिल्ले निघतात, म्हणजे ३० मुलांच्या वर्गाला ४ कागद पुरतात. ए-फोरचा पाऊच २१६ बाय ३०३ मिलिमीटरचा असतो. त्यात असे बिल्ले दोन-दोनच्या तीन ओळींत, म्हणजे ६ बसतात. ३० मुलांना ५ पाऊच झाले. आठही बिल्ले एका पाऊचमध्ये कोंबून एक पाऊच वाचवायला गेले की कड राहत नाही आणि सगळेच बिल्ले वाया जातात. १२५ मायक्रॉन जाडीचा पाऊच घ्यावा. ८० चा हातात लुळा पडतो.

आत घालायचा कागद जाड असावा, हाही एक गैरसमज आहे. ३०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कार्ड घातले तर त्याच्या उंचीमुळे वरची आणि खालची फिल्म कडेला एकमेकींना लगेच चिकटत नाहीत. कार्डाभोवती हवेची बारीक नळी राहते आणि पुढे त्या नळीतूनच पाणी फिरते. बिल्ल्याला ताठपणा पाऊच देतो, कागदाने द्यायची गरज नाही. १०० ते १३० जीएसएमचा साधा जाडसर कागद इथे सर्वांत चांगला.

शाईबद्दल. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट पाण्याने फिसकटत नाही, तोच उत्तम. इंकजेटवर छापले असेल तर लॅमिनेशनआधी एक दिवस उघड्यावर वाळू द्यावे, नाहीतर ओल आत अडकून फिल्मवर धुरकट डाग येतात. तेलखडूने रंगवलेला बिल्ला मशीनमध्ये घालू नये. गरम रुळाखाली मेण वितळते, रंग पसरतो आणि मेणावर फिल्म चिकटत नाही. पावसाळी हवेत कागदही दमट असतो, त्याला अर्धा तास ऊन द्यावे किंवा कोमट इस्त्री फिरवावी. फुगे येतात ते बहुतेक या दमटपणानेच, मशीनचा त्यात दोष नसतो.

बाजारात प्लॅस्टिकची तयार पाकिटे मिळतात, आत नावाची चिठ्ठी सरकवली की झाले. मऊ, किंचित वास येणारी पाकिटे पीव्हीसीची असतात. आपल्याकडच्या उन्हात त्यांना झेरॉक्सची शाई चिकटते. चिठ्ठी बाहेर काढायला जावे तर अर्धी अक्षरे पाकिटाला लागून येतात. पाकीटच घ्यायचे तर कडक, चुरचुर वाजणारे घ्यावे.

आता ज्या पद्धतीसाठी हे पत्र मुख्यतः लिहितो आहोत ती. तिला मशीन लागत नाही, वीज लागत नाही आणि लागणारे सामान सोलापुरात गल्लोगल्ली आहे. कागदाच्या दोन थरांमध्ये कापड घालायचे आणि अडकवायचे भोक कागदात न पाडता कापडात करायचे. गणवेश शिवण्यात आपल्या गावाचे नाव आहे. काज-बटण करणाऱ्याकडे ते भोक काजासारखे बांधून मिळते. मग बिल्ला गळ्यातही घालायचा नाही आणि पिनेनेही टोचायचा नाही. शर्टाच्या वरून दुसऱ्या बटणात अडकवायचा.

३० मुलांसाठी ९० सेंटिमीटर पन्ह्याचा मांजरपाट अर्धा मीटर घ्यावा. तो आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढावी. खळ राहिली तर गोंद आत मुरत नाही, नुसता वर बसतो आणि थर पापडासारखा सुटतो. टेरिकॉटचे कात्रण फुकट मिळते म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यातले पॉलिस्टर गोंद धरत नाही. वाळलेल्या मांजरपाटाला इस्त्री करून १० बाय १२ सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. अर्ध्या मीटरमध्ये ३६ तुकडे बसतात. प्रत्येक तुकड्याचा खालचा ६ सेंटिमीटरचा भाग कागदांच्या मध्ये जाणार. वरचा भाग दोन्ही बाजूंनी कापून ४ सेंटिमीटर रुंद ठेवावा आणि मध्यावर दुमडून ३ सेंटिमीटरचा दुहेरी पट्टा करावा. या पट्ट्यावर १४ मिलिमीटरचे काज घालून घ्यावे. शर्टाचे बटण साधारण साडेअकरा मिलिमीटरचे असते, त्याला हे बेताचे होते. काज सैल झाले तर बिल्ला मधल्या सुट्टीत मैदानावर पडलेला सापडेल. काज चिकटवण्याच्या आधीच घालून घ्यावे, कारण जाड झालेला बिल्ला काजाच्या मशीनखाली नीट बसत नाही.

कागद १८० ते २०० जीएसएमचा, १० बाय ६ सेंटिमीटरचा, प्रत्येक बिल्ल्याला दोन. कापण्याआधी कागदाची दिशा पाहून घ्यावी. सोलापूरकरांना हे ताण्याबाण्यावरून चटकन कळेल. कापडाला जसा उभा आणि आडवा धागा, तशी कागदातल्या तंतूंनाही एक दिशा असते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला की एका दिशेला तो सहज वाकतो आणि दुसऱ्या दिशेला अडून राहतो. सहज वाकताना त्याची गुंडाळी ज्या रेषेत होते, ती तंतूंची दिशा. शंका वाटली तर एक तुकडा फाडून पाहावा. तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. बिल्ल्याच्या दोन्ही कागदांची दिशा एकच हवी. एक उभा आणि एक आडवा असेल तर हवेतली ओल बदलली की दोघे वेगवेगळ्या दिशांना ओढतात आणि बिल्ला केळीच्या सालीसारखा वळतो. मे महिन्यातली आपली कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत एवढा फरक असतो की मेमध्ये सपाट दिसलेले बिल्ले आषाढात वळतात.

गोंद पांढरा, फेव्हिकॉलसारखा, १०० ग्रॅम पुरतो. चार चमचे गोंदाला एक चमचा पाणी, त्याहून पातळ नको. पाणी वाढले की कागद भिजतो आणि सुकताना सुरकुततो. पुठ्ठ्याच्या तुकड्याने पातळ, सारखा थर ओढावा. खळ किंवा कणकेची चिकट पेस्ट वापरू नये. तिला कसर आणि झुरळे लागतात. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, आणि ते विष आहे. सहा वर्षांचे मूल बिल्ल्याचा कोपरा चघळणारच हे धरूनच साहित्य निवडावे.

कागद, कापड, कागद असे थर बसवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत न्यावे, हवा निघून जाते. मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वर फळी आणि फळीवर दोन विटा. बिल्ल्यांवर थेट वर्तमानपत्र ठेवू नये, छपाईची शाई ओल्या कागदावर उमटते. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत सुकतात, पावसाळ्यात पूर्ण एक दिवस लागतो. घाईत ओलसर असतानाच उचलले तर बिल्ले वळतात आणि पुन्हा सपाट होत नाहीत.

पूर्ण सुकल्यावर पारदर्शक पॅकिंग टेपचे आवरण. टेप ७२ मिलिमीटर रुंदीची घ्यावी. ४८ ची घेतली तर दोन पट्ट्या एकावर एक चढवाव्या लागतात आणि त्या सांध्यात वर्षभराची धूळ काळी रेघ धरते. कागद ६ सेंटिमीटरचा ठेवायचा तो याच हिशेबाने. ७२ च्या टेपमध्ये वर आणि खाली ६-६ मिलिमीटरची कड राहते. पुढून आणि मागून प्रत्येकी १२ सेंटिमीटरची एकेक पट्टी लावायची, तीन बाजूंना टेपला टेप चिकटते. ३६ बिल्ल्यांना ९ मीटर टेप जाते. एकाच बाजूला टेप लावून थांबू नये. उघडी बाजू ओलीने फुगते, टेपची बाजू फुगत नाही, आणि बिल्ला परत वळतो.

एक जागा मात्र उरते. वरून बाहेर येणारा कापडी पट्टा भिजला की दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे पाणी खाली कागदापर्यंत ओढतो. त्यासाठी चिकटवतानाच कागदाच्या वर सेंटिमीटरभर कापडातही गोंद जिरवून ठेवावा, म्हणजे विणीतली छिद्रे भरतात. आणि टेप लागल्यावर, टेपच्या वरच्या उघड्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासावी. टेप लावण्याआधी मेण घासू नये, टेप त्यावर धरत नाही.

शेवटी कोपरे. टोकदार कोपरा गालाला लागतो आणि सुटायलाही तिथूनच सुरुवात होते. कात्रीने गोल कापताना हात घसरतो, नखे कापायच्या कटरने कोपरा झटकन आणि सारखा गोल होतो. सगळे बिल्ले करण्याआधी एक नमुना करून तासभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा. कुठून पाणी शिरले ते कागदाच्या काळसर पडलेल्या भागावरून लगेच दिसते आणि बाकीचे पस्तीस वाचतात.

या पद्धतीत शाई वेगळी निवडावी लागते. परमनंट मार्करची शाई टेपच्या गोंदात हळूहळू विरघळते, दिवाळीनंतर अक्षरांभोवती जांभळट छटा पसरलेली दिसते. झेरॉक्स केलेले नाव किंवा पूर्ण वाळलेले पाण्याचे स्केचपेन चालते, अर्थात कडा बंद असतील तरच. हाताने लिहायचे तर कागद चिकटवण्याआधीच लिहावे, म्हणजे चुकलेला कागद बदलता येतो.

लिहिण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण बिल्ला टिकला आणि वाचता आला नाही तर काय उपयोग. तीन मीटरवरून, म्हणजे वर्गाच्या पुढून मधल्या रांगेतले नाव वाचता यायचे तर अक्षराचे अंग १८ ते २० मिलिमीटर उंच आणि रेघ ३ मिलिमीटर जाड हवी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार येतात. त्यांना वर-खाली ८-८ मिलिमीटर जागा सोडून मगच शिरोरेषेची पेन्सिल-रेघ आखावी. ही जागा न सोडल्याने ‘कौस्तुभ’चा औकार कडेला कापला जातो आणि मुलगा वर्षभर चुकीचे नाव पाहतो. १० सेंटिमीटरच्या रुंदीत या मापाची चार-पाच अक्षरे बसतात. ‘मल्लिकार्जुन’सारखे आपल्याकडचे हमखास नाव आले तर अंग १५ मिलिमीटरवर आणावे. नाव दोन ओळींत तोडू नये, मुलाला ते दोन शब्द वाटतात. संगणकावर छापताना फॉन्ट पाहून घ्यावा. अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आणि मूल हे नाव गिरवणार आहे. त्याला मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसला पाहिजे.

सोलापुरात महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्याही आहेत, त्यामुळे एकच साचा सगळीकडे चालणार नाही. कन्नड आणि तेलुगूत जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली बसतो. तिथे खालची जागा १२ मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि वरची कमी करावी. उर्दू नस्तालिक ओळ तिरकी उतरत जाते, तिला दोन्हीकडे मोकळीक हवी. मराठी शाळेतसुद्धा कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. दाखल्यावरचे नाव आणि घरातला उच्चार यांत फरक असतो. नाव कागदावर पक्के करण्याआधी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घरी पाठवून आई-वडिलांकडून तपासून घ्यावी. एका दिवसाचे काम आहे आणि ते टाळू नये.

बिल्ल्याच्या दर्शनी बाजूला फक्त मुलाचे नाव आणि इयत्ता असावी. पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर छातीवर लावून मूल रस्त्याने जाऊ नये. सहलीच्या दिवशी शाळेचा नंबर मागे असला तर उपयोग होतो. मागच्या बाजूलाही नाव लिहावेच, कारण एका ठिकाणी अडकवलेला बिल्ला फिरतो आणि नेमक्या वेळी पाठ दाखवतो.

गळ्यातल्या दोरीबद्दल आमचे मत ठाम आहे. घसरगुंडीच्या कडीत किंवा खिडकीच्या गजात दोरी अडकली तर ती सुटली पाहिजे. नायलॉनची दोरी तुटत नाही आणि मानेलाही कापते. दोरीच हवी असेल तर सुती नाडी घ्यावी, घेर ६० ते ६५ सेंटिमीटर, आणि मानेमागे जोड २ सेंटिमीटर वेल्क्रोचा, झटका बसताच सुटणारा. चादरीच्या जाड रंगीत सुताची वेणी छान दिसते, पण ते सूत आधी रात्रभर पाण्यात ठेवून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. रंग लागला तर पांढऱ्या शर्टावरही लागेल. सेफ्टीपिन पहिली-दुसरीच्या मुलांना नकोच.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या पोचाव्यात. लॅमिनेशन करणाऱ्या दुकानदारांनी शाळेचे काम आले की न विचारताही कड सोडून कापावे. पाऊच दोन जास्त लागले तर तसे शिक्षकांना सांगावे, ते नाही म्हणणार नाहीत. आणि गणवेश शिवणाऱ्या कारखानदारांनी जूनच्या गर्दीतून एक दुपार काढून जवळच्या शाळेचे तीस-पस्तीस काज घालून द्यावेत. मशीनवर ते काम फार वेळाचे नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट राहिली. अर्ध्या मीटरमधून निघणाऱ्या ३६ तुकड्यांपैकी सहा उरतात, ते फेकू नयेत. काज घालून, मागचा कागद चिकटवून तयार ठेवावेत, पुढचा कागद कोरा बाजूला ठेवावा. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्येच वर्गात येतात. नाव लिहून पुढचा कागद चिकटवला, रात्रभर विटेखाली ठेवला, सकाळी टेप लावली की शाळेतल्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बटणात इतरांसारखाच, त्याच मापाचा, त्याच अक्षराचा बिल्ला असतो.

आपले,
पूर्व भागातील काही प्राथमिक शिक्षक व एक बाइंडर
सोलापूर